सुईत दोरा जातो तोवर

ता. ५ ऑक्टोबर

प्रिय बटण,

तुला, वहिनीला आणि तुमच्या त्या भांडखोर मांजराला माझे पोटभर आशीर्वाद. पत्र पोचलं. अक्षर अजून कोंबडीचे पायच. आबा असते तर पट्टीने बोटं फोडली असती तुझी, या वयातसुद्धा. पण लिहितोस हे काय कमी आहे? फोनवर तू नुसतं ‘हं, हं’ करतोस आणि मागून वहिनी विचारत असते, काय म्हणतात ताई, काय म्हणतात ताई. त्यापेक्षा हे बरं.

इकडे सगळं ठीक. मशीन चालू आहे, शेजारणीच्या पडद्यांचं काम संपता संपत नाही. एकदा आखूड सांगते, एकदा लांब. शेवटी मी म्हटलं, बाई, आधी खिडकीशी काय ते ठरव, मग माझ्याकडे ये.

गेल्या आठवड्यात आम्ही ते संग्रहालय बघून आलो. मध्ययुगातल्या कलेचं आणि इमारतींचं. तुझ्या दाजींनी कितीतरी वर्षं डोकं खाल्लं होतं माझं. जन्मभर ऑफिसात बसून इमारतींचे नकाशे काढले, तरी हौस फिटली नाही. मी म्हटलं, चला बाबा एकदाचे.

तिथे काय केलंय ठाऊक आहे? पडक्या इमारतींचे दगड गोळा करून आणलेत आणि एका मोठ्या छपराखाली पुन्हा रचलेत. खांब एकीकडचे, कमान दुसरीकडची, जिना तिसऱ्याच कुठल्या मनोऱ्यातला. एका भिंतीत ओळीने दरवाजे बसवलेत आणि एकाही दरवाज्यापलीकडे काही नाही, नुसती भिंत. मी ह्यांना म्हटलं, हे तर कापडाच्या तुकड्यांची गोधडी शिवल्यासारखं झालं. तर म्हणे, हळू बोल, लोक बघतायत. आणि स्वतः मात्र प्रत्येक दगडाखालची पाटी मोठमोठ्याने वाचत होते! त्यांच्यामागे एक म्हातारं जोडपं लागलं, त्यांना वाटलं हेच तिथले माहिती सांगणारे.

एका जाड भिंतीत बाण मारायची फट होती. जंगी म्हणतात तिला. बाहेरून बघितलं तर एवढीशी चीर, आतून मात्र दोन्ही बाजू तिरक्या कापलेल्या. हे म्हणाले, आतल्या माणसाला कडेचंही दिसावं म्हणून असं कापतात. सरळ फट ठेवली तर समोरचा तेवढा दिसेल आणि बाजूने येणारा थेट गळ्याशी येईल. मी फटीला डोळा लावून बराच वेळ बघत बसले. का कोण जाणे, अंगावर काटा आला. दगड गार असतात ना, त्याने असेल.

पुढे एका दालनात माझी चांगलीच फजिती झाली. आत पाऊल टाकलं आणि मी ओरडले, “अहो, दिवे गेले!” सगळं दालन वळून माझ्याकडे बघायला लागलं. तिथली राखणदार बाई म्हणाली, “दिवे चालू आहेत, बाई. लाकडी मूर्तींचे रंग उडू नयेत म्हणून इथे उजेड कमी ठेवतो.” हे हसले, मीही हसले. बाहेर येईपर्यंत ह्यांची बाही धरून चालले. थंडी वाजतेय म्हटलं.

हां, आणि एक मुलगी मध्येच बसली होती, चित्रं काढत. वाटेत! माझा पाय तिच्यावर पडता पडता राहिला. चार शब्द सुनावले तिच्या आईला. काय एकेक आया असतात हल्ली. जाऊ दे.

तुझं मागचं पत्र काल पुन्हा वाचलं. शाळेचं फाटक अरुंद बांधलंय, बसचा डावा आरसा पुन्हा गेला, असं लिहिलंयस. पुन्हा म्हणजे काय रे? आधीही गेला होता का? सहज विचारते.

माझे डोळे उत्तम आहेत. आज सकाळीच सुईत दोरा ओवला, पहिल्या फटक्यात. आबांची परीक्षा आठवते ना? दुकानात कुणी डोळ्यांची तक्रार केली की हातात सुई द्यायचे. दोरा गेला की, “ठणठणीत आहेत तुझे डोळे, कामाला लाग.” तूही ओवून बघ एकदा. सहज.

सहजच लिहायला बसलेली,
ताई

ता. २६ ऑक्टोबर

प्रिय बटण,

सुखी राहा. खूप जग. आज हे दोन आशीर्वाद मी नेहमीसारखे लिहिलेले नाहीत, एवढं आधी सांगते.

पत्राला टोचून पाठवलेली सुई मिळाली. लाल दोरा, टोकाला गाठसुद्धा मारलीस. “बघ, पहिल्या फटक्यात! धडकमास्तरांची गादी रिकामी होती, ती आता तू चालव. मला माफ कर,” असं खाली लिहिलंयस. तुझे दाजी खो खो हसले. मी नाही हसले. मी ती सुई हातात घेतली आणि चटकन खाली ठेवली. ह्यांना म्हटलं, टोचली.

बटण, मी गेल्या पत्रात तुला खोटं लिहिलं. ती मुलगी वाटेत बसलेली नव्हती.

खांबांच्या ओवरीत पोरांना चित्रं काढायला जागा ठेवली आहे, भिंतीलगत. तिथेच ती बसली होती, एका खांबाला टेकून, कागद मांडीवर घेऊन. पिवळा स्वेटर घातला होता तिने. पिवळाधम्मक! त्या करड्या दगडांत तो दारातूनच डोळ्यांत भरावा. तुझ्या दाजींना भरला होता, मागाहून त्यांनीच सांगितलं. आम्ही दोघं बोलत चाललो होतो. खांबावर कोरलेला एक चेहरा गाल फुगवून बसला होता, त्याच्याकडे मी बघत होते. मुलगी माझ्या डाव्या बाजूला होती. मला ती दिसली कधी, तर तिची बोटं माझ्या टाचेखाली आल्यावर. किंकाळी आधी ऐकली मी, मुलगी नंतर दिसली. जणू फरशीतून उगवली.

आणि मी काय केलं? माफी मागितली? छे! इतकी घाबरले की ओरडलेच तिच्यावर. “रस्त्यात बसतात का अशी?” तिची आई धावत आली, तिने मलाच ‘लागलं का तुम्हाला’ म्हणून विचारलं आणि पोरीच्या पाठीत धपाटा घातला. पोरीचं नख काळंनिळं झालेलं. रडता रडता तिने माझ्याकडे बघितलं. तिला कळत होतं की ही बाई खोटं बोलतेय. मला ती नजर जेवू देत नाही.

त्यानंतर माझं स्वतःवर लक्ष गेलं. डावीकडचा कप मी पाडते. डावीकडच्या दाराच्या चौकटीला माझा खांदा लागतो, निळे डाग पडलेत. हे नेहमी म्हणतात की मी इथेच तर उभा आहे, आणि मी अख्खं घर हाका मारत फिरत असते. आजवर मी त्यांनाच दोष देत आले, न सांगता कुठे जाता म्हणून. बिचारे माझ्या डाव्या हाताशी उभे असायचे रे!

अस्तराचं कापड आणायला जाते असं सांगून मी एकटी डोळ्यांच्या डॉक्टरीणबाईंकडे गेले. ह्यांना अजून सांगितलेलं नाही. तिथे आधी भिंतीवरची अक्षरं वाचायला लावली. सगळी वाचली, अगदी खालची मुंगीएवढी ओळसुद्धा. ती मदतनीस मुलगी म्हणाली, “वा आजी, या वयात!” मला वाटलं, सुटले. आबांची परीक्षा खरी ठरली. उठून पर्ससुद्धा घेतली होती.

मग दुसऱ्या खोलीत नेलं. अंधारी खोली, एक यंत्र, मोठ्या पांढऱ्या परातीसारखं. त्यात तोंड घालून बसायचं, हनुवटी टेकवायची, मधल्या ठिपक्याकडे बघत राहायचं. कडेला कुठेतरी बारीक दिवा लागेल, दिसला की हातातलं बटण दाबायचं. (हो, तुझी आठवण आली. लहानपणी शर्टाचं बटण गिळलंस आणि जन्मभराचं नाव लावून घेतलंस.) थोडे दिवे दिसले, दाबलं. मग यंत्रातून बारीक ‘टिक’ यायची आणि दिवा काही दिसायचा नाही. पुन्हा टिक. पुन्हा काही नाही. मला कळत होतं की दिवे लागतायत. आवाज येतोय म्हणजे लागतायत. पण माझ्यासाठी तिथे काहीच नव्हतं. काळोखही नाही, अरे! काळोख असता तर मला कधीच कळलं असतं. तिथे फक्त काही नाही असं काहीतरी होतं. मी तशीच बसून राहिले, बटणावर अंगठा ठेवून, आणि घाम मानेवरून खाली चालला होता. इतकी भीती मला बाळंतपणातसुद्धा वाटली नव्हती.

काचबिंदू आहे. मोतीबिंदू नाही, काचबिंदू. मोतीबिंदू काढून टाकता येतो. हा दुखत नाही, खुपत नाही, कडेकडेने नजर खात आत येतो. मधलं शेवटपर्यंत ठेवतो. म्हणून अक्षरं दिसतात. म्हणून सुईत दोरा जातो. गेलं ते परत येत नाही, राहिलंय ते रोज थेंब घालून राखायचं. माझा डावा डोळा बराच गेलाय आणि उजव्यालाही सुरुवात झालीय. बाईंनी कागदावर दाखवलं, कडा सगळ्या काळ्या, मध्ये एक चीर. मला ती जंगी आठवली. मी आतून बघतेय आणि कुणीतरी बाजू तिरक्या कापायला विसरलंय.

त्यांनी विचारलं, घरात कुणाला होतं का? मी म्हटलं, छे, आमच्या घरात सगळ्यांचे डोळे ठणठणीत, वडील शिंपी होते. आणि म्हणता म्हणता माझ्या डोळ्यांपुढे आपलं दुकान उभं राहिलं.

आबा, बटण. धडकमास्तर. अख्खी गल्ली हसायची ना त्यांना? खांबाला धडकले, सायकल गटारात घातली, गिऱ्हाइकाच्या पायावर इस्त्री ठेवली. आपणही हसायचो. आई म्हणायची, लक्षच नसतं ह्या माणसाचं. आणि तो ट्रक. सगळे म्हणाले ट्रकवाल्याची चूक. तो बिचारा शपथा घेऊन सांगत होता की मी हॉर्न दिला, मी दिसत होतो, हे थेट माझ्यासमोर आले. कुणी ऐकलं त्याचं? त्या दिवशी सकाळी आबांनी माझ्यासमोर सुईत दोरा ओवला होता. पहिल्या फटक्यात.

ट्रक डावीकडून आला होता.

डॉक्टरीणबाई म्हणाल्या, हे घराण्यातून येतं, भावंडं असतील तर लगेच तपासून घ्या. भाऊ काय करतो तुमचा? मी म्हटलं, दुकान आहे त्याचं. असं का म्हणाले मी? तोंडातून खरं निघेचना. भाऊ शाळेची बस चालवतो, रोज सकाळी पोरांनी भरलेली बस चालवतो, हे मला त्या बाईंसमोर म्हणता आलं नाही. आता तुझ्यासमोर म्हणतेय.

तुझा आरसा डावा. तू गेल्या वर्षी फाटकाचा खांब घासलास, तोही डावा. वहिनीच्या हातातला ट्रे उडवलास, ती डावीकडून आली होती, तूच हसत हसत लिहिलं होतंस. मी सगळी पत्रं काढून बसले होते काल. तुझी पोरं कुठल्या बाजूने उतरतात रे? पुढच्या चाकाशी उतरतात ना सगळी?

सध्या शाळेला सुटी आहे म्हणून मी श्वास तरी घेऊ शकतेय. या सुटीत जा. दुसरं काही मागत नाही. आणि जायच्या आधी घरीच एवढं कर. वहिनीला समोर बसव, तिच्या नाकाकडे बघ, डोळे हलवायचे नाहीत. तिने एक लाल रीळ तुझ्या कानामागून हळूहळू पुढे आणायचं. दिसलं की ‘दिसलं’ म्हण. आधी उजवीकडून, मग डावीकडून. तुझ्या त्या सुईतल्या लाल दोऱ्याचंच रीळ घे.

माझं चुकत असलं तर जन्मभर हस मला. धडकताई म्हण. देवाशपथ, मी दर वेळी ओ देईन.

भ्यायलेली,
ताई

ता. ६ नोव्हेंबर

बटण,

आशीर्वाद आहेतच, ते काही तुझ्या रागाने कमी होत नाहीत.

तुझं चिठोरं मिळालं. “हा विषय पुन्हा नको. मी आबा नाही. लायसन्सच्या वेळी सगळी अक्षरं वाचलीत. माझी भाकरी आहे ती, तुझा रिकामपणाचा उद्योग नाही.” बरं. लागलं मला, पण ठीक आहे. मी तुझ्या जागी असते तर मीही असंच खेकसले असते. मी तर एका पोरीवर खेकसले, तीही माझ्याच टाचेखाली बोटं चेंगरलेली असताना. घाबरलेलं माणूस कसं ओरडतं ते मला आता चांगलं ठाऊक आहे. म्हणून तुझ्या ओरडण्याला मी फसत नाही.

वहिनीचा फोन आला होता. तिच्यावर चिडलास तर याद राख. तू लपवायला सांगितलंस आणि ती बिचारी गच्चीवर कपडे वाळत घालायच्या निमित्ताने मला सांगत होती, मध्येच रडत होती. उजवीकडून रीळ आणलं तेव्हा तू लगेच ‘दिसलं’ म्हणालास. डावीकडून आणायला लागली. कानापासून गालापर्यंत आलं, गालापासून जवळजवळ नाकापर्यंत आलं, आणि तू काय म्हणत होतास? “अगं आण ना आता, किती वेळ लावतेस?”

बटण, मी ते तिला पुन्हा एकदा सांगायला लावलं. तू तिला म्हणालास, “तूच रीळ नीट धरलं नाहीस.” पुन्हा करू म्हणाली तर उठून गेलास. आणि मग शाळेच्या आवारात जाऊन बराच वेळ बसमध्ये बसलास, बंद बसमध्ये, स्टिअरिंगवर हात ठेवून. तिने मागोमाग येऊन फाटकातून पाहिलं. म्हणजे तुला कळलंय. माझ्याशी काय भांडतोस मग?

ह्यांना मी सगळं सांगितलं. आधी चष्मा शोधला. मग थेंबांच्या खोक्यातला तो बारीक अक्षरांचा कागद काढून मोठमोठ्याने वाचत सुटले, संग्रहालयातल्या पाट्या वाचल्या तसे. मला हसूही येईना आणि रडूही आवरेना. आता रोज थेंब तेच घालतात. नेम धड लागत नाही त्यांचा, अर्धे थेंब गालावर जातात. आणि घरात चालताना माझ्या डाव्या हाताला राहून खाकरतात, मी इथे आहे हे कळावं म्हणून.

काल आम्ही पुन्हा त्या संग्रहालयात गेलो. मीच म्हटलं, चला. त्या पोरीची माफी मागायची होती. ती कुठली सापडायला! राखणदार बाईला विचारलं, तर ती म्हणाली, पोरं रोज शेकड्याने येतात, बाई. मग मी काय केलं सांगू? त्या खांबाशी जाऊन तिच्याच जागी खाली बसले. फरशीवर, मांडी घालून. हे म्हणाले, अगं ऊठ, लोक काय म्हणतील. म्हटलं, बसू द्या मला.

तिथून मला लोकांचे पाय दिसत होते. येणारा प्रत्येक जण वर बघत होता, त्या गाल फुगवलेल्या चेहऱ्याकडे, कमानीकडे, छताकडे. सगळ्यांच्या माना वर. बायका, म्हातारे, बोलत चाललेली माणसं, फोटो काढणारे. आणि एकाचाही पाय माझ्यावर पडला नाही. माझ्याकडे न बघता सगळे वळून जात होते. वर बघता बघता त्यांना मी दिसत होते, कडेला, खाली. मला किती हेवा वाटला त्यांचा! त्यांना माहीतही नव्हतं की आपल्याला दिसतंय. एक काठी टेकत चाललेले आजोबासुद्धा काठी उचलून मला वळसा घालून गेले. तेव्हा मला खरं काय ते पटलं. त्या दिवशी माझं लक्ष नव्हतं असं मी मनाला समजावत होते ना, तसं नव्हतं. लक्ष कुणाचंच नसतं. आबांचंही लक्ष नसेल, पण चूक लक्षाची नव्हती, डोळ्यांची होती.

ती मुलगी तिथे निर्धास्त बसली होती, कारण तिला वाटत होतं की येणाऱ्या माणसाला मी दिसते. तुझ्या बसमधली पोरांची पलटणही तशीच उतरत असणार. बसवाल्या काकांना आपण दिसतो, या भरवशावर. काका दार उघडतात, काका हात करतात, काकांना आपली नावं पाठ आहेत. ती चाकाशी वाकून बुटाची नाडी बांधत असतील, तुला कशाला विचारतील?

मला तुझ्या भाकरीची काळजी नाही असं समजू नकोस. कालपासून दोनदा शाळेचा नंबर फिरवला आणि पलीकडून ‘हॅलो’ आलं की ठेवून दिला. धाकट्या भावाच्या तोंडचा घास काढायला माझा हात धजावत नाही. तू स्वतः जाऊन सांगितलंस तर ते तुला दुसरं काही काम देतील, गाड्यांची देखभाल, फाटकावरचं काम, काहीतरी देतील. इतकी वर्षं राबलायस. नाहीच दिलं तर इकडे या दोघं. मशीन एक आहे, दुसरं आणू. काजं करायला तुला आबांनी शिकवलंच होतं, आणि सुईत दोरा तर आपल्या दोघांच्याही पहिल्या फटक्यात जातो. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, लवकर कळलं तर बरंच राखता येतं. तू माझ्याहून लहान आहेस. तुझं माझ्याहून जास्त उरलं असेल. ते राख ना रे. मला त्या अंधाऱ्या खोलीत तुझ्याशेजारी बसू दे. टिक टिक ऐकायला एकटीने फार भीती वाटते.

सोमवारी शाळा उघडते. मी रविवारी पोचते. ह्यांना गुडघ्यांमुळे एवढा प्रवास झेपत नाही, तेव्हा एकटीच येते. हो, एकटी! गाडी बदलायच्या त्या स्टॅंडवर डावीकडून काय काय अंगावर येईल, कोण जाणे. पर्समध्ये तुझी सुई घेतलीय, लाल दोऱ्यासकट. तुझ्या घरी उतरणार नाही, तू दारातच भांडशील. शाळेजवळ कुठेतरी राहीन.

सोमवारी सकाळी बस काढायला येशील तेव्हा आत बस, दार लाव, समोर बघ. नेहमी बघतोस तसा. आरशात नाही, मान वळवून नाही. मी तिथे असेन, पुढच्या डाव्या चाकाशी. पिवळा स्वेटर विणायला वेळ नाही, म्हणून विकत आणलाय. बरा दिसत नाही माझ्या वयाला, पण पिवळाधम्मक आहे.

मी दिसले तर हॉर्न वाजव. मी तुझ्या पाया पडेन, हो, मोठी असून पडेन, आणि आल्या वाटेने परत जाईन. नाही दिसले तर किल्ली काढून खाली ये आणि माझ्या हातात दे. मग आपण दोघं मिळून मुख्याध्यापिकाबाईंकडे जाऊ. तुला बोलता नाही आलं तर मी बोलेन.

आणि हे सगळं सोडून तू इंजिन सुरू केलंस, तरी मी हलणार नाही. मला फार भीती वाटतेय बटण, हे पत्र लिहितानाही वाटतेय, पण मी हलणार नाही. त्या जागी उद्या कुणाचं तरी पोर असण्यापेक्षा मी असलेली बरी.

नीट बघ, राजा.

तुझ्या डाव्या हाताला उभी असलेली,
ताई